हिरडी बघणारी ताबावा

ताबावाला लहानपणी गोवर निघाला. पुरळ गेलं, ताप उतरला, पोर वाचली असं सगळ्यांना वाटलं. मग हिरडी सुजली, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि बघता बघता डावा गाल काळा पडून गळाला. गारिन दुत्सी गावातल्या लोकांनी तो भुताचा फटका ठरवला. आईने तिला कणगीमागच्या झोपडीत ठेवलं. जबडा आखडलेला, म्हणून बाजरीची पेज पातळ करून दातांच्या फटीतून ओतावी लागे. पाहुणे आले की तिने खोकायचंही नाही.

पुढे ती मोठी झाल्यावर झिंदेर शहरातल्या डॉक्टरांनी कातडी जोडून गाल बुजवला. तिथल्या नर्सबाईंनी तिला समजावलं, "भूतबीत काही नाही गं. पोर अशक्त असलं, तोंड घाण राहिलं, की हिरडीतून हे सुरू होतं. तेवढ्यातच औषध मिळालं तर थांबतं." ताबावा खूप रडली. गाल गेल्याचं दुःख जुनं होतं. तो वाचला असता, हे मात्र तिला त्या दिवशीच कळलं.

गावी परतून ती एका झाडाखाली बसून शेंगदाण्याच्या वड्या तळून विकू लागली. तोंडावरून ओढणी कधी सरकू द्यायची नाही. पोरं जमली की म्हणायची, "आधी आ कर." दात घासलेले नसले की कडुलिंबाची काडी हातात द्यायची.

"वडी घ्यायला आलोय, दात विकायला नाही!" एखादं पोर कुरकुरे.

"विकलेस तरी ते किडके घेणार कोण?"

एका उन्हाळ्यात गावात गोवराची साथ आली. म्हाताऱ्या देलूची नात लादी बरी झाली म्हणे, पण वड्यांना येईना. ताबावा स्वतःच त्यांच्या अंगणात गेली. पोर चटईवर निजली होती. जवळ वाकताच ताबावाला तो जुना वास आला. तिने पोरीचा ओठ उचलून पाहिला; हिरडी सुजलेली होती.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

देलू उसळली. "तू शुभ बोलायला कधी आलीस? स्वतःचं थोबाड बघ आधी. चल, नीघ!"

लादीची आई बल्की खांबाला धरून उभी होती. ताबावाने तिच्यासमोर ओढणी खाली घेतली.

"देलूआजी म्हणते ते खरंय. बघ हे थोबाड, बल्की. नीट बघ. मलाही असाच वास यायचा. माझ्या आईला सांगणारं कुणी नव्हतं."

बल्कीने पोरीला उचलून पाठीशी बांधलं.

"नवऱ्याला न विचारता निघालीस?" देलू ओरडली.

"अम्मा, ते सीमेपलीकडे कामाला. ते येईपर्यंत हिचा गाल थांबणार आहे का?"

ताबावा आणि बल्की लादीला घेऊन गाढवगाडीने आरोग्यकेंद्रात गेल्या. इंजेक्शनं झाली, मिठाच्या पाण्याने तोंड धुणं झालं, दूध-अंडी पोटात गेली. लादीचे पुढचे दात गेले, पण गाल राहिला.

देलूने माफी मागितली नाही. एक दिवस धाकट्या नातवाला धरून आणलं, त्याचा जबडा स्वतःच्या बोटांनी उघडला आणि म्हणाली, "बघ काय ते."

त्याच साथीत शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी याच दुखण्याने गेली. तिला उशिरा नेलं होतं. ताबावा त्या आईजवळ जाऊन बसली.

"तुला हे ठाऊक होतं ना?" आई म्हणाली. "मग आमच्याकडे का नाही आलीस?"

ताबावा तिचा हात धरून बसून राहिली.

त्यानंतर ती गावच्या झाडाखाली बसून पोरांची वाट बघेनाशी झाली. टोपली डोक्यावर घेऊन वस्ती-वस्तीवर जाऊ लागली. ओढणी न ओढता, चेहरा उघडाच ठेवून. बाया दचकत, पोरं आईमागे लपत. ती खाली बसे, वडी पुढे करी आणि म्हणे, "घाबरू नकोस बाळा. आ कर."