नाल्यातली झोप

यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी चालायची मोकळीक दिली आणि त्यांनी परतवाड्यापुढच्या नाल्याचा हट्ट धरला. तरुणपणी मित्रांसोबत ते नाल्यानाल्यानं वरच्या डोहापर्यंत गेले होते, तो डोह त्यांना मला दाखवायचा होता. मला कुठंच जायचं नव्हतं. पण नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

पौषातली सकाळ. अमरावतीहून एस्टीनं परतवाडा, पुढं ऑटोनं डोंगराच्या पायथ्याचं गाव. गाव संपलं तशी शेतं संपली आणि दोन्ही बाजूंनी काळा कातळ जवळ येत गेला. मधून पाण्याची बारीक धार, बाकी सगळे धोंडेच. काही म्हशीएवढे.

मी त्यांच्या मागून चालत होते. वर्षभर जे करत होते तेच करत होते, त्यांचा श्वास ऐकत होते. रात्रीसुद्धा माझा एक कान त्यांच्या छातीशीच असायचा.

"अजी, हळू. बसा थोडं."

"मी बरा आहो. तू आपल्या पायाखाली पाह्य."

दर धोंड्यावर तेच. शेवटी ते चिडून थांबले. "माह्या पाठीवर डोळे रोवून काहून चालून राहिली?"

मी पुढचा धोंडा चढायला पाय उचलायला गेले, तो उचललाच गेला नाही. लचकला नव्हता, दुखतही नव्हता. नुसता उचलेना. मी तिथंच खाली बसले.

ते धावत परत आले. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. मले चालनं होत नाही आता."

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, भाकरी सोडली, ठेचा लावून तुकडा हातात दिला. तो कधी खाऊन झाला, मी कधी आडवी झाले, आठवत नाही. ऊन लागलेला दगड पाठीला गरम लागत होता, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या कड्यावर गेलं होतं. अंगावर त्यांचा स्वेटर होता. ते नव्हते.

मी हाका मारल्या. कातळावरून माझाच आवाज परत आला. हातापायांवर रांगत दोन-तीन धोंडे चढले, कुठं पडले असतील ते शोधत. तेवढ्यात वरच्या वळणावरून ते उतरताना दिसले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा लहान पोरासारखा.

"एकटे काहून गेले? काही झालं असतं म्हंजे?"

"नाही झालं ना."

"मले उठवायचं होतं."

"किती दिवसानं झोपली होती तू," ते म्हणाले. "कसं उठवू?"

मला रडू आलं. ते बाजूला बसले. मला घेऊन पुन्हा डोहापर्यंत जाण्याइतका उजेड उरला नव्हता आणि माझ्यात तेवढं बळही नव्हतं. उतरताना ते पुढं झाले, प्रत्येक धोंड्यावरून मला हात देत.

परतवाड्याच्या स्टॅन्डवर अमरावतीची गाडी लागली तसे ते गर्दीत घुसले, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला. एरवी मी धावत जाऊन अडवलं असतं. त्या दिवशी बाकड्यावर बसूनच पाहिलं. एकच जागा मिळाली, ती त्यांनी मला दिली. गाडी सुटल्यावर ते जवळ उभे राहून मला डोहाचं पाणी कसं हिरवंगार आहे ते सांगत होते. मी हूं हूं करत राहिले, मग तेही जमेना, आणि शेजारी बसलेल्या, पुढं बडनेऱ्याकडं जाणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर माझी मान कलली.