आंबा घाटात हॉर्नऐवजी आबा

शिमग्यातल्या एका सकाळी आंबा घाटाच्या माथ्यावर माझ्या ट्रकचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबला नाही. बटणावरून मी हात केव्हाच काढला होता.

गाडीत कोल्हापूरहून रत्नागिरीला चाललेली साखर होती. पोत्यांच्या मधोमध गोधडीत गुंडाळलेली पितळेची घंटा होती. ती देवरूखजवळच्या एका गावाने देवीसाठी ओतून घेतलेली. वाटेत उतरवायची होती. केबिनमध्ये त्या गावचे मानकरी दत्ताराम आबा बसले होते. दुपारी पालखी निघायच्या आत घंटा देवळात टांगतो, असा शब्द त्यांनी गावाला दिला होता. उशीर झाला तर घंटा पुढच्या शिमग्यापर्यंत गोधडीतच राहणार होती.

ट्रकचा प्रेशर हॉर्न हवेवर वाजतो. ब्रेकही हवेवर चालतात. माझी गाडी जुनी. दोन्ही एकाच टाकीतली हवा वापरतात. टाकी रिकामी झाली की मागचे ब्रेक आपोआप आवळतात. हवा गेलेली गाडी सुसाट सुटू नये म्हणून तशी सोय असते. म्हणजे हॉर्न असाच वाजत राहिला तर गाडी जागची हलणार नव्हती.

गाडी कडेला घेतली आणि साखरप्याच्या हनीफभाई मेकॅनिकला फोन लावला.

"काय झालं?"

"हॉर्न अडकलाय!"

"अरे, आधी तो हॉर्न बंद कर, मग बोल!"

"बंद होत नाही म्हणूनच फोन केलाय!"

हवा कमी होत गेली तसा आवाज उतरत गेला. आधी गिरणीचा भोंगा, मग रेडकू, मग नुसती शिट्टी. मग ब्रेक आवळले आणि सगळं शांत झालं.

"हां, आता बोल," हनीफभाई म्हणाले.

हॉर्नचा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. व्हॉल्व्ह म्हणजे हवा सोडणारी आणि अडवणारी झडप. हनीफभाईंनी सांगितल्याप्रमाणे मी हॉर्नकडे जाणारा पाइप दुमडला आणि तारेने आवळला. इंजिन चालू ठेवलं, टाकी भरली, ब्रेक सुटले. गाडी ठीक झाली. हॉर्न तेवढा गेला. नवा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी मिळणार होता. साध्या इलेक्ट्रिक हॉर्नचं कॉइल आधीच जळलेलं होतं. ते रत्नागिरीत बघू, असं गाडीचे मालक शेठ म्हणाले होते.

हॉर्नशिवाय घाट उतरणं धोक्याचं असतं. वळणापलीकडचं दिसत नाही. समोरच्याला आवाजानेच कळवावं लागतं. मी शेठना फोन केला. फोन स्पीकरवर होता.

"शेठ, हॉर्न नाही. घाट कसा उतरू?"

"मग काय मी येऊन वाजवू? ओरड!"

मी मागे घंटेकडे पाहिलं. आबांनी माझी नजर पकडली.

"नाय हां! पयली घंटा आईनं आयकायची. घाटातल्या माकडांनी नाय."

"मग आबा, तुम्हीच ओरडा."

आबांच्या गावात पालखीपुढचा पहिला फाका आबांचा असतो. फाका म्हणजे शिमग्यातली आरोळी. एकजण एक ओळ ठोकतो, बाकीचे तोंडावर हात मारत बोंब मारतात. ओळीतले शब्द बहुधा छापण्यासारखे नसतात.

"आपल्या हद्दीभायेर फाका घातला तर लोक भांडाया येतात," आबा म्हणाले.

"भांडायला थांबले तरी चालेल. थांबले म्हणजे झालं."

हे त्यांना पटलं. टोपी काढून त्यांनी मांडीखाली दाबली आणि डोकं खिडकीबाहेर काढलं. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. पहिल्या वळणावर आबांनी असा फाका घातला की समोरचा टेम्पो कडेला जाऊन उभा राहिला. टेम्पोवाल्याने हात जोडले. दुसऱ्या वळणावर दरीने फाका परत केला. आबांनी दरीलाही उत्तर दिलं. तिसऱ्या वळणापर्यंत मला हसण्याने स्टेअरिंग धरवत नव्हतं.

"हसतंस काय मेल्या, रस्ता बघ!"

मधल्या एका वळणावर आबांच्या फाक्याला पलीकडून उत्तर आलं. ते दरीचं नव्हतं. शब्द वेगळे होते आणि जास्त वाईट होते. वळणापलीकडे एसटी उभी होती. खिडकीत एक म्हातारा होता. शेजारच्या गावचा मानकरी, लेकीकडे निघालेला. आबांनी त्याला ओळखलं.

फाक्याला उत्तर आलं की गप्प बसायचं नसतं. शेवटचा फाका ज्याचा, त्याचं गाव वर. आबांनी घातला, त्याने परतवला. एसटीतले प्रवासी दोन्ही बाजूंनी बोंब मारायला लागले. कंडक्टरही त्यात होता. मागे गाड्यांची रांग लागली.

"आबा, पालखी निघेल!"

"निघूंदे! ह्येचा आवाज बसवल्याबिगर जायत नाय!"

मी खाली उतरलो आणि एसटीच्या खिडकीशी गेलो. मागे घंटा आहे, दुपारच्या आत टांगायची आहे, हे त्या म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने पुढचा फाका आवरला. मग खिडकीतून ओरडला, "दत्ताराम, आईचं सामान हाय म्हनून सोडतंय! तुज्यासाठी नाय!"

"तर तर! आवाज बसला तुजा!" आबा ओरडले. पण आवाज आबांचाच चिरकत होता.

उरलेली वळणं त्यांनी रागावर काढली. गाडी गावात पोचली तेव्हा पालखी सजून तयार होती. घंटा टांगली, पुजाऱ्याने पहिला टोल दिला. ढोल थांबले. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी तोंड उघडलं. आतून हवा आली, आवाज आला नाही.

पहिल्या फाक्याशिवाय पालखी उठत नाही. दुसरा कोणी तो घालत नाही. आबांनी घशाला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून ट्रककडे बोट दाखवलं आणि हाताने तारेचा पीळ सोडवल्याची खूण केली. मला समजलं. मी बॉनेटखाली वाकून तार सोडली.

हॉर्न वाजला. आबा तोंडासमोर मूठ धरून उभे होते, जणू तो त्यांच्याच गळ्यातून निघतोय. गावाने बोंब मारली. पालखी उठली.

पाइप पुन्हा दुमडायला गेलो तर तो दुमडीवर तडकलेला होता. हवा संपली, ब्रेक आवळले आणि ट्रक देवळासमोर अडकला. पालखी ट्रकभोवती नाचली. शेठचा फोन आला.

"गाडी कुठाय?"

"देवळासमोर."

"हा कसला आवाज? हॉर्न नाही म्हणालास ना?"

"होता, शेठ. आता गेला."

साधा हॉर्न बिघडला की त्याच दिवशी दुरुस्त करावा. दुसरा आहे म्हणून थांबू नये. हनीफभाई दुसऱ्या दिवशी देवळासमोर येऊन नवा व्हॉल्व्ह आणि पाइप बसवून गेले. जुना व्हॉल्व्ह आबांनी मागून घेतला. तो देवळात घंटेच्या शेजारी टांगलेला आहे.