मधूनच सुरुवात

इंग्रजी मी आधी चालीवर बसवलं. हसायचं तर हसा, पण पाठ करायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. विक्रोळीच्या आमच्या चाळीत कोकणातली बिऱ्हाडं जास्त, आणि दर एकादशीला भजन ठरलेलं. बायकांच्या मंडळात मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. नवा अभंग आला की आधी पेटीवर चाल ऐकायची, मग भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना गुणगुणत राहायचं. दोन-चार दिवसांत शब्द तोंडात बसतात. अर्थ मागाहून येतो, कधी येतही नाही. देव काही विचारत नाही.

पण मास्तरीण विचारते ना! तिथेच तर माझी वाट लागली.

तर झालं असं. माझी शाळा सातवीला सुटली होती. मुलं मार्गी लागल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी केली, मग बारावी. आता बीए करायचं होतं आणि तेही इंग्रजी घेऊनच. का, म्हणून सगळ्यांनी विचारून झालं. कारण साधं आहे. पालिकेच्या वाचनालयातली अनुवादित पुस्तकं मी भारी आवडीने वाचायचे. रशियातली, इंग्लंडातली, कुठली कुठली माणसं, आणि सगळी आपली छान मराठीत रडायची. एकदा एकाच कादंबरीचे दोन अनुवाद हाती आले. एकात ती बाई नवऱ्याला चिडून बोलते, दुसऱ्यात तेच वाक्य ती लाडात येऊन बोलते. आता खरं काय समजायचं? मी दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला भयंकर राग आला. ती बाई काय म्हणाली ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. बस, एवढंच.

विद्यापीठात चौकशी केली तर ते म्हणाले, बारावीला इंग्रजीत तुम्ही काठावर आहात, आधी एक वर्ष इंग्रजीचा पायाभूत कोर्स करा, तिथलं प्रमाणपत्र आणा, मग बघू. तो कोर्स घाटकोपरला, एका कम्युनिटी कॉलेजात. नाव मोठं, पण वर्ग भरायचा एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, शाळा सुटल्यावर. बाकं लहान मुलांची. बसताना मी आडवी शिरायचे आणि उठताना शेजारणीने ओढून काढायचं.

ही शेजारीण म्हणजे पस्तिशीची एक बाई. साकीनाक्याला प्लास्टिकच्या डब्यांच्या युनिटमध्ये पॅकिंगला होती आणि तिथून थेट वर्गाला यायची. तिला सुपरवायझर व्हायचं होतं. मला काकी म्हणायची, पण तोंड असं की विचारू नका.

"काकी, तू ना, या वयात सगळ्यांचं टेन्शन वाढवतेस," ती एकदा म्हणाली. "माझी सासू म्हणते, बघ, ती म्हातारी जाते आणि तू कंटाळतेस."

"म्हातारी कुणाला म्हणते गं ती?"

"तुलाच. मी सांगितलं तिला, म्हातारी नाही, बुलडोझर आहे."

पुस्तकात सगळे बारीक अक्षरातले धडे. मी एकेक धडा घेतला आणि चालीवर बसवला. एका म्हाताऱ्या घड्याळजीचा धडा होता, तो तर आमच्या नेहमीच्या गजरावर असा चपखल बसला, की बस्स. 'द ओल्ड मॅन ओपन्ड हिज शॉप' इथपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी एकदम खडाखड. मंडळातल्या बायकांना म्हणून दाखवला तर दोघींनी टाळ धरला.

मग आली तोंडी परीक्षा. प्रमाणपत्र मिळायचं तर लेखी आणि तोंडी, दोन्हींत पास व्हायला हवं. लेखी मी निभावून नेली. तोंडीला आमच्या मॅडम समोर बसल्या. सुनेच्या वयाच्या, शांत, मोठ्या चष्म्याच्या. मी हात जोडून तयार. त्या म्हणाल्या, "घड्याळजीचा धडा. तिसऱ्या परिच्छेदात तो दुकान का बंद करतो, ते सांगा."

तिसरा परिच्छेद! आता तुम्हीच सांगा, आरती कुणी मधून सुरू करतं का? मी मनातल्या मनात पहिल्यापासून धरली. ओठ हलायला लागले. मॅडम म्हणाल्या, "नो नो, तिसरा." मी थांबले, तर सगळंच सुटलं. परत पहिल्यापासून. घाबरून जरा मोठ्याने आलं असणार, आणि चालीसकट आलं. हात बाकावर ठेका धरून होता. दाराशी रांगेत उभे असलेले लोक फिसकन हसले.

मॅडम हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत म्हणाल्या, "काकू, पाठांतर उत्तम आहे. पण यात तुमचं इंग्रजी कुठे आहे?"

मी ठेका धरलेला हात बाकावरून काढून मांडीवर घेतला.

"महिन्याभराने पुन्हा परीक्षा आहे. त्या वेळी मी नसेन, विद्यापीठातून बाई येतील. त्या न वाचलेला उतारा देतात." मग म्हणाल्या, "राग मानू नका, पण बीएला मराठी घेतलंत तर पहिला वर्ग काढाल. इतका हट्ट का?"

खाली उतरताना साकीनाकेवाली मला चिकटलीच. "काकी, घे ना मराठी. झकास डिग्री मिळेल. कोण बघतंय कशात केली?"

"मी बघतेय," म्हटलं.

घरी आले. आमचे हे गॅलरीत बसले होते. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांचं बूड आणि ती खुर्ची वेगळी दिसलेली नाहीत. मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. तर हे मालवणीत सुरू झाले. हे फक्त खूश झाले किंवा चिडले, की मालवणीत बोलतात.

"अगो, पाठ करून इलेलो बुवा डबलबारीत उभो रवाक शकणा नाय."

मुंबईतल्या कुणाला माहीत नसेल तर सांगते. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एका बाजूला एक बुवा आपल्या मंडळासकट, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, आणि नुसतं उत्तर देऊन चालत नाही, वर आपला सवाल टाकूनच खाली बसायचं. हे तरुणपणी एका बुवांच्या मागे पखवाज वाजवायचे, गावोगाव रात्री जागवलेल्या. त्यामुळे बोलले ते अनुभवाचं होतं.

"मग काय करू?"

"मी सवाल टाकतंय. तू इंग्रजीत उत्तर दी."

"तुम्हाला कुठे इंग्रजी येतंय? बरोबर की चूक, कसं कळणार?"

"अडाकलंस की माका कळतला."

आणि खरंच कळायचं हो! महिनाभर या माणसाने मला सुखाने चहा पिऊ दिला नाही. कप उचलला की सवाल. आज मासळी का महाग? खालच्या बिऱ्हाडात भांडण कशावरून झालं, त्यात चूक कुणाची? मी पोळी लाटता लाटता इंग्रजीत उत्तर द्यायचे. अडले, की हे मांडीवर एक थाप मारायचे. धा! म्हणजे चुकलीस, दुसरीकडून घे. शब्द सापडला नाही तर वळसा घालून जायचं, पण थांबायचं नाही. एकदा 'हेवा' या शब्दासाठी मी इतका मोठा वळसा घातला की पोळी जळली. हे म्हणाले, पोळी जळू दे, चालू ठेव.

बुलडोझर म्हणणारी पण सामील झाली. बसस्टॉपवर उभं असताना ती काहीही विचारायची. "काकी, तुझा नवरा आणि माझा सुपरवायझर, कोण जास्त खडूस? इंग्लिशमध्ये बोल, रीझनसकट." सगळा स्टॉप ऐकत असायचा. आधी लाज वाटायची. मग लाज वाटायला वेळच मिळेना.

माझं इंग्रजी सुधारलं असं मी म्हणणार नाही. मोडकं होतं, पण माझं होतं. आता ते मधूनही सुरू करता यायचं.

परीक्षेला विद्यापीठातून आलेल्या बाई कडक. पांढरे केस, कॉटनची साडी, घड्याळ टेबलावर काढून ठेवलेलं. उतारा दिला. समुद्रकाठी एक बाई खानावळ चालवते. वादळाचे दिवस, गिऱ्हाईक नाही, तरी ती रोज सगळा स्वयंपाक करते. एवढीच गोष्ट. वाचून झाल्यावर बाईंनी कागद काढून घेतला आणि इंग्रजीत विचारलं, ही बाई मूर्ख आहे का?

मी म्हटलं, "नो मॅडम. शी इज कुक. कुक कुक्स."

"पण अन्न वाया जातं."

वाया जातं असं कुठे लिहिलं होतं? मी तेच बोलले, मोडकंतोडकं, पण बोलले. ती स्वतः जेवली असेल, शेजारी दिलं असेल, आणि वादळात कुणी भिजत आलाच दारात, तर त्याला काय कोरडा तांदूळ देणार? बाई काही लिहून घेत होत्या. खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण महिन्याची सवय. उत्तर दिलं, की सवाल टाकल्याशिवाय माझ्याने खाली बसवेना.

"नाऊ यू टेल, मॅडम. वन डे नो स्टुडंट कम्स. यू गो होम ऑर यू सिट इन क्लास?"

त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं, गेलं सगळं. परीक्षकाला उलटा प्रश्न! बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, मी बसते, घंटा होईपर्यंत. मग लगेच म्हणाल्या, पण वर्ग हा काही 'पेरिशेबल' नसतो.

"व्हॉट इज पेरिशेबल?"

दूध, मासळी, जे पडून राहिलं की नासतं ते, असं त्यांनी समजावलं. मला तर काय, हातात आणूनच दिलं. मी म्हटलं, मग विद्यार्थी जास्त पेरिशेबल. मीच बघा, सातवीपासून पडून होते.

बाई हसल्या, आणि मग चक्क भांडायला लागल्या. म्हणाल्या, तुम्ही नासलेल्या दिसत नाही, म्हणजे तुमचा मुद्दा तुम्हीच खोडलात. मी म्हटलं, "वेट, मॅडम, वेट," आणि शब्द शोधायला लागले. तेवढ्यात दारातून पुढच्या मुलीने डोकं आत घातलं. बाईंनी घड्याळ बघितलं. "नेक्स्ट."

बाहेर साकीनाकेवाली नखं खात उभी. "काय गं काकी, कशी गेली?"

"अर्धवट," मी म्हटलं. माझं उत्तर तयार झालं होतं आणि आत जाता येत नव्हतं.

निकाल लागला, पास. प्रमाणपत्र घेऊन विद्यापीठात गेले आणि विषयाच्या रकान्यात इंग्रजी लिहून आले. हे म्हणतात, आता तरी जरा दम घे. कसला दम? चौकशी करून आलेय, पहिल्या वर्षाला त्याच पांढऱ्या केसांच्या बाई शिकवतात. सोमवारी वर्ग सुरू होतोय. पहिल्या बाकावर बसणार आहे. नासण्यावरून त्या जे बोलल्या, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.