पुलावरची पांढरी रेषा

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी सानगडीला रजेवर होतो. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. शांतिसेनेत परदेशी जायचं होतं. बायकोने विचारलं, तिथे लढाई चालू आहे का. मी म्हणालो, थांबली आहे.

त्या मुलखाचं नाव व्होरेन. एका देशातून फुटून निघालेला तुकडा. स्वतःचा झेंडा होता, नोटा होत्या. पण राज्य पोलिसांचं. पोलीसप्रमुखच राष्ट्राध्यक्ष झालेला. घरी पाहुणा आला तरी चौकीवर कळवावं लागे. ठरल्याप्रमाणे अधूनमधून आमची गस्तीची तुकडी दुसऱ्या वाटेने त्यांच्या गावातून जाई. बाजारात दोन माणसं बोलत उभी असली की एक शिपाई जवळ येऊन थांबायचा. माणसं गप्प होऊन आपापल्या वाटेने निघून जायची.

व्होरेन आणि मूळ देशाच्या मध्ये नदी होती, नदीवर पूल. पुलाच्या या टोकाला, मूळ देशाच्या बाजूला, आमची पोस्ट, त्या टोकाला व्होरेनची चौकी, मधोमध पांढरी रेषा. मी हवालदार, पोस्ट कमांडर. ऑर्डर स्पष्ट होती. रेषेच्या अलीकडे जो येईल तो आमच्या संरक्षणात. आम्ही पुलावरून रेषेपलीकडे पाऊल टाकायचं नाही. आमच्यावर फायर आल्याशिवाय फायर करायचा नाही.

रेषेजवळच्या सँडबॅगमागे बहुतेक वेळा नाईक सुखदेव असायचा. दिघोरीचा, लाखांदूर तालुक्यातला. धानाच्या बांध्यांत वाढलेला, अंगाने काटक. ड्युटीवर मला साहेब म्हणायचा, एरवी दादा. व्होरेनचे पोलीस आमचा वायरलेस ऐकायचे आणि त्यांच्याकडे हिंदी कळणारा माणूस होता. म्हणून आम्ही दोघं सेटवर आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत बोलायचो. एकदा त्यांच्या अधिकाऱ्याने तक्रार केली की तुम्ही कोणता नवा कोड वापरता. त्यावर पोस्ट बरेच दिवस हसत होती.

एकदा रेषेकडे पाहत सुखदेव म्हणाला, "दादा, आपला जिल्हा फुटला तवा माह्या बहिणीचं सासर गोंदियात गेलं. पण एसटी काही बंद नाही झाली."

आमच्या पोस्टला पाणी त्यांच्या बाजूने यायचं. इलान नावाचा माणूस पास दाखवून टँकर आणायचा. पाईप लावून झाला की सुखदेव त्याला चहा द्यायचा. एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघं बराच वेळ बसायचे. एके दिवशी टँकरवर दुसराच ड्रायव्हर आला. आम्ही इलानचं विचारलं. त्याने मान खाली घातली आणि पाईप उचलला. नंतर कळलं, आमच्या पोस्टवर काय बोलणं चालतं ते सांग, असं पोलिसांनी इलानला बजावलं होतं. मी फक्त पाणी नेतो, असं त्यांना सांगून तो बायकोला घेऊन घरातून निसटला होता आणि लपून राहिला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, पुलाच्या त्या टोकाला शिट्ट्या वाजल्या. इलान आणि त्याची बायको आमच्याकडे पळत येत होते. मागे पोलीस. मी स्टँड टू दिला, सगळे जवान रायफली घेऊन आपापल्या जागी आले. इलान रेषा ओलांडून आला आणि त्याने वळून पाहिलं. बायको मागे पडली होती. तिचा पाय मुरगळला होता. उठायला जाई आणि पुन्हा खाली बसे. तो परत धावणार होता. आमच्या दोन जवानांनी त्याला धरून ठेवलं. तो गेला असता तर दोघांनाही त्यांनी नेलं असतं. पोलीस थांबले होते. बंदुका तिच्यावर होत्या.

सेटवर सुखदेवचा आवाज आला.

"साहेब, तिले उठता येऊन नाही राहिलं. मी जाऊ का? ओव्हर."

"रेषेच्या पलीकडे जायची ऑर्डर नाही. ओव्हर."

"रायफल इथंच ठेवतो. हात वर करून जातो."

कंपनी हेडक्वार्टरला विचारायला वेळ नव्हता. ऑर्डर देणारा तिथे मीच होतो.

मी म्हणालो, "जाय."

तो हात वर करून चालत गेला. पळाला नाही. तिच्याजवळ वाकला, तिला खांद्यावर घेतलं आणि वळला. तेव्हा त्यांच्या बाजूने एकच गोळी सुटली. सुखदेव अडखळला, पण चालत राहिला. रेषेच्या अलीकडे येऊन त्याने तिला नीट खाली ठेवलं. मग तो गुडघ्यावर बसला. गोळी बुलेटप्रूफ जॅकेटच्या खाली, कमरेत लागली होती. अँब्युलन्स आली तोवर तो गेला होता. पुन्हा कोणी फायर केला नाही. आम्हीही नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. नाईक स्वतःहून गेला का, असं मला विचारलं. मी म्हणालो, नाही सर, ऑर्डर माझी होती. माझं प्रमोशन मागे पडलं. ते पडणारच होतं.

त्याला दिघोरीला घेऊन मी आलो. तलावाच्या पाळीवर सलामी झाली. लोक पांगल्यावर त्याच्या आईने मला जवळ बसवलं.

"त्या बाईले लागलं का जी?" तिने विचारलं.

"नाही मा. थोडा पाय मुरगळला होता. बरी आहे. नवऱ्यासंगं आहे."

मग म्हणाली, "तिले सांगजा, माह्या पोरानं आणलं म्हणावं."

निरोप मी पोचवला. इलान आणि त्याची बायको आता मूळ देशात राहतात. दरवर्षी त्याच तारखेला त्यांचा फोन येतो. आमच्याकडचे त्यांना दोनच शब्द येतात. फोन उचलला की ती आधी ते म्हणते, "सुखदेव. दिघोरी." मग मी म्हणतो, हो.