चिंचेने घासलेले रुपये

नारायणशेट समोरच्या माणसाकडे आधी बघायचाच नाही. नाणं कडेने दोन बोटांत धरायचा, उन्हाकडे फिरवायचा, आणि मग मर्जी झाली तर तुमच्याकडे. पेणच्या बाजारात त्याचं जुन्या नाण्यांचं एवढंसं दुकान होतं. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि मेला म्हणून आता गोड लिहिणार नाही.

धाटावची कंपनी बंद पडली तेव्हा ह्यांच्या हातात थोडे पैसे आले. ते धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. पण जुनी नाणी वर्षात दुप्पट होतात असं कोणीतरी माझ्या कानात घातलं, आणि निम्म्या पैशांचे मी रोह्यातच एकाकडून राणीछाप चांदीचे पाच रुपये घेतले. काळवंडलेले होते. लक्ष्मीपूजनाला आमच्यात पाटावरची नाणी चिंचेने घासतात, तसे हेही घासले. आरसाच म्हणा ना. फीची तारीख जवळ आली तशी विकायला पेणला गेले.

दुकानात चार गिऱ्हाइकं. शेटने रुपया उन्हात धरला आणि कशाने घासलास म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं.

"कातडी सोललीस गो बाय त्याची. शंभर वर्षांत धरलेली ती. आता चांदीच्या वजनाचा भाव, आन् उरल्या चिंचेचं सार कर."

गिऱ्हाइकं हसली. चार रुपये मी तोंड फिरवून त्या भावात टाकले, पाचवा हट्टाने पदराला बांधला. मग पिशवीतले उरलेले निम्मे पैसे काढले नि म्हटलं, एक चांगलं नाणं द्या, नुकसान भरून निघेल असं.

त्याने पैसे कुठले ते विचारलं. लेकीच्या फीचे म्हटल्यावर गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"पोस्टात टाक. नाणं भरल्या पोटी घ्यावं. भुकेल्याला इकायची घाई असते, त्याचं सोनं पण लोक मातीच्या भावात घेतात. तुला मी काय इकणार नाय."

परतीच्या गाडीत कासू गाव येईपर्यंत रडले, रागाने. पैसे मात्र पोस्टात टाकले. त्यातच कशीबशी फी भागली. आभार मानायला गेले नाही. गेले असते तरी त्याने आधी हातात नाणं आहे का तेच बघितलं असतं.

तो गेल्याचं यंदा दिवाळीत धाकटीनेच सांगितलं. बोलता बोलता तिने पाटावरचा तो पाचवा रुपया उचलला. इतक्या वर्षांनी कुठे त्याच्या कडेला सावळी झाक धरू लागली आहे. दुसऱ्या हातात तिच्या चिंच होती.

मी तिच्या हातावर चापट मारली.

"ठेव तो. कातडी सोलशील गो त्याची."

मेला, पण तोंड माझ्याकडे ठेवून गेला.