इंजिन इथलं, पाटी तिथली

माझी मावशी दवाखान्याच्या शिवणखोलीत कामाला होती. फाटक्या चादरी, डॉक्टरांचे झगे, पडदे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. गोंधळणं तिच्या स्वभावात नव्हतं; घरात काही हरवलं की आम्ही तिलाच विचारायचो. पण काका गेल्यानंतर त्यांच्या ट्रॅक्टरने तिला असं काही भंडावून सोडलं, की विचारता सोय नाही.

घरामागच्या फळबागेत गवत कमरेएवढं माजलं, म्हणून तिने तो शेडमधून बाहेर काढला. दोन फेऱ्या झाल्या, भसाभसा वाफ आली आणि बंद पडला. तेलाची पट्टी ओढून बघितली तर तेल दुधाळ चहासारखं. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट, पाणी-तेल वेगळं ठेवणारं, गेलं आणि पाणी तेलात उतरलं, एवढं तिला काकांच्या हाताखाली राबून ठाऊक होतं. तिने सुटे भाग विकणाऱ्याला फोन लावला.

"साल कोणतं? इंजिन कोणतं?" त्याने विचारलं.

"ट्रॅक्टरचंच," मावशी म्हणाली.

तो हसला नाही. "स्टिअरिंगखाली पत्र्याची पाटी असेल. नंबर वाचा."

तिने पाटी पुसून नंबर वाचला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "हे मॉडेल तीन इंजिनांत यायचं. तुमचं चार सिलिंडरचं. पेट्रोलवर सुरू करायचं, मग रॉकेलवर चालवायचं."

"अहो, मी लग्न होऊन आले तेव्हापासून यात डिझेलच ओततोय आम्ही."

"मग नंबर चुकला असेल."

तिने पुन्हा वाचला. नंबर तोच. त्याने त्या नंबरावर गॅस्केट पाठवलं. त्याला चार मोठी भोकं होती. मावशीने हेड उतरवलं, तर खाली सिलिंडर तीन. तिने गॅस्केट उलटं करून लावलं, मग आडवं, मग पुन्हा सुलटं. चौथं भोक हवेतच राहिलं.

दुसऱ्या फोनवर विक्रेताही बुचकळ्यात पडला. "प्लग आहेत का ठिणगीचे?"

"नाहीत. तीन बारीक नळ्या आहेत."

"म्हणजे तीन सिलिंडरचं डिझेल. पण पाटीवरच्या साली ते निघालंच नव्हतं, बाई! आणि त्यातही गॅस्केटं दोन प्रकारची. इंजिनावरचा नंबर सांगा."

इंजिनावरचा नंबर वेल्डिंगच्या एका ठिगळाखाली गडप झाला होता.

तिला खरा घोर वेगळाच लागला. काका छातीठोक सांगायचे, "हा कारखान्यातून निघाला तसाच आहे. ओरिजिनल!" मग हे काय? काका तिच्याशी खोटं बोलले? का त्यांनाच कुणी फसवलं? त्या आठवड्यात तिने एका झग्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

शेवटी ती दिराकडे गेली. घर दोन गल्ल्या पलीकडेच, पण भावाभावांत बोलणं जेवढ्यास तेवढं असायचं. दिराच्या शेडमध्ये तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आत तसाच ट्रॅक्टर उभा होता. तोच रंग, तसंच बॉनेट.

"भाऊजी, हा काय प्रकार आहे?"

दिराने हात पुसले, बराच वेळ पुसले. "वहिनी, आमच्याकडे दोन होते. एक जुना रॉकेलचा, एक नवा डिझेलचा. तुमच्या लग्नाआधीची वाटणी. दादाला डिझेलचं इंजिन हवं होतं, स्वस्तात चालतं म्हणून. मला नव्याची मागची लिफ्ट हवी होती, नांगर उचलणारी, माझी जमीन चढाची. दोघंही नव्यावरच अडून बसलो. बाबा वैतागले. म्हणाले, उघडा दोन्ही. मधून सुटे केले, पुढच्या इंजिनांच्या धुडांची अदलाबदल केली."

"म्हणजे आमची पाटी..."

"जुन्याची, ती मागच्या भागावरच राहिली. इंजिन नव्याचं. माझं बरोबर उलटं."

"आणि तुमचं बोलणं कशावरून तुटत गेलं?"

दीर खाली बघत म्हणाला, "तो म्हणायचा त्याचा ओरिजिनल. मी म्हणायचो माझा."

मावशीला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. "मग खरा कुठला?"

दिराने तोंड उघडलं. स्वतःच्या ट्रॅक्टरभोवती अर्धा वळसा घातला. तोंड मिटलं.

तिने त्याच्या स्टिअरिंगखाली वाकून पाटीवरचा नंबर वाचला आणि तिथूनच फोन केला. विक्रेता म्हणाला, "हां, आता जुळतंय! पण आधीचा नंबर कुणाचा होता?"

"तोही आमचाच," मावशी म्हणाली. पुढे समजावण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

नवं गॅस्केट बरोबर बसलं. हेडचे बोल्ट आवळायला दीर स्वतः आला. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर इंजिनावर हात ठेवून तो उभाच राहिला. मग म्हणाला, "वहिनी, एक फेरी मारू?" त्याने एक म्हणता म्हणता सगळं गवत कापलं. मावशीला वाटलं, ह्यांना हे आवडलं असतं का? तेही तिला नक्की सांगता येईना.

संध्याकाळी तिने मुलीला फोनवर सगळी हकिकत सांगितली. मुलगी दोनदा ऐकूनही गडबडली. "थांब, आई. मग आपल्या ट्रॅक्टरमधलं बाबांचं नक्की काय?"

मावशीने जरा विचार केला. "सीट," ती म्हणाली. "ती त्यांनी माझ्यादेखत बदलली होती."