कोंबडा की कोंबडी?

विसापूरच्या पायथ्याशी आज करवंदांचा द्रोण घेतला आणि त्या आंबटगोड वासाबरोबर आबा, माझे वडील, आठवले. सुट्टी मिळाली की ते आम्हा पोरांना घेऊन डोंगरात. एकदा याच वाटेवर मी रुसून बसले होते.

"पाय दुखत्यात. न्हाई येत."

आबांनी जाळीतलं करवंद तोडलं. "आतून लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. वळख!"

"कोंबडी."

त्यांनी ते दातानं फोडलं नि गिळूनच टाकलं. "व्हय, कोंबडीच! चल, आता पुढची जाळी."

गडावर पोचेपर्यंत मी एकदाही हरले नाही. आबांनी एकही करवंद उघडून दाखवलं नव्हतं.

आता माझी लेक तिथंच फतकल मारून बसलीये.

"कोंबडा!" ती म्हणाली.

मी करवंद फोडलं. आत पांढरं. पटकन तोंडात टाकलं.

"कोंबडाच गं! चल."